मागे कुणी बसलं की फ्यूज उडतो: सीटखालच्या एका वायरीची गोष्ट

लक्षण आधी सांगून टाकतो. चालती मोटरसायकल एकाएकी बंद. इंजिन बंद, हॉर्न बंद, मीटर काळं, न्यूट्रलचा हिरवा दिवासुद्धा नाही. डाव्या साइड पॅनलमागचा १५ अँपिअरचा फ्यूज काढून पाहावा तर उडालेला. नवा घालावा, किक मारावी, गाडी पहिल्यासारखी चालू. मग आठ दिवस, कधी तीन आठवडे, काहीच नाही. आणि पुन्हा कुठेतरी रस्त्यात तोच प्रकार. गाडीवर मी एकटा असलो तर मात्र कधीच नाही.

हे शेवटचं वाक्य आज ठामपणे लिहितोय, पण ते कळायला मला चार महिने लागले.

गाडी २०१२ सालची, दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा निघाला नाही. कुणाचा निघाला ते पुढे येईलच. मी अमळनेरला राहतो, सासुरवाडी पारोळ्याची, शेत बोरी नदीच्या पलीकडे. गाडीवर रोज मी, आठवड्यातून दोन-तीनदा मागे बायको, आणि खरिपात खताच्या गोण्या.

पहिला फ्यूज गेला तो अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी. अखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, म्हणून हिला पारोळ्याला सोडायला निघालो होतो. दुपारचे दोन. पारोळं जवळ आलं आणि एका ब्रेकरवर गाडी मेली. ढकलत ढकलत रसवंतीच्या सावलीत नेली. रसवाल्याने गाडीकडे न बघताच निदान केलं, "ऊन लागनं गाडीले." एप्रिल-मे महिन्यात इथं माणसाला, म्हशीला, मोबाइलला, सगळ्यांना ऊन लागतं. पारा ४४-४५ वर गेलेला असतो, त्यामुळे कुणी वाद घालत नाही. मीही घातला नाही. टूलकिटमध्ये एक जादा फ्यूज होता, तो घातला आणि विषय संपला असं समजलो.

दुसऱ्यांदा गेला तेव्हा गॅरेजला नेली. मेकॅनिक ओळखीचा, कामाला चांगला. त्याचं म्हणणं, आरआर युनिट (बॅटरी चार्ज करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) जास्त व्होल्टेज सोडतंय. मी मल्टिमीटर लावून दाखवलं: गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६, इंजिन रेस केल्यावर १४.२. हे अगदी बरोबर आकडे आहेत. तरी युनिट बदललं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. पैसे गेले, तीन आठवडे बरे गेले, मला वाटलं सुटलो. चौथ्या आठवड्यात पुन्हा फ्यूज.

मग शेजारच्याने नंबर प्लेटवर बोट ठेवलं. जुन्या गाड्यांना नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट लावायची धावपळ तेव्हा जोरात होती (२०१९ च्या एप्रिलआधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना ती लागते), आणि माझी प्लेट अखाजीच्या जेमतेम आठवडाभर आधी बसली होती. "मागचं काहीतरी दाबलं गेलं असेल," तो म्हणाला. तारखा इतक्या छान जुळत होत्या की मी प्लेटच्या मागे टॉर्च मारून अर्धा तास वाकून बसलो. टेल लाइटची वायर तिथून वीतभर लांब होती आणि तिला कुणी हातही लावलेला नव्हता.

इथं फ्यूजबद्दल थोडं सांगतो. उडालेला फ्यूज लोक बघतात आणि फेकतात. तो उजेडात धरून नीट बघा. पारदर्शक प्लास्टिकच्या आत पत्र्याची पट्टी असते. ती मधोमध जरा वितळून, कडा स्वच्छ राहून तुटली असेल, तर बराच वेळ थोडा जास्त करंट गेला असा अर्थ निघतो. भलता मोठा दिवा लावलाय किंवा जादा हॉर्न बसवलाय. पण पट्टी जवळजवळ नाहीशी झालेली, आतलं प्लास्टिक काळं पडलेलं, बारीक धातूचे शिंतोडे उडालेले असतील, तर तो थेट शॉर्ट. माझे सगळे फ्यूज दुसऱ्या प्रकारचे होते. हेडलाइट ३५ वॅट, ब्रेक लाइट २१, टेल ५, दोन इंडिकेटर मिळून २०, हॉर्न आणि इग्निशन धरलं तरी सगळं एकाच वेळी चालू असताना दहा अँपिअरच्या आसपास जातं. सेल्फचा जबर करंट तर या फ्यूजमधून जातच नाही, तो रिलेतून थेट बॅटरीवरून जातो. आणि दुपारी हेडलाइटही बंद. म्हणजे उन्हाने किंवा लोडने १५ चा फ्यूज असा काळाठिक्कर पडणं शक्य नव्हतं. बॅटरीची वायर कुठेतरी सरळ लोखंडाला टेकत होती.

हे मला कळलं होतं. कुठे टेकते ते कळत नव्हतं.

दुसऱ्या गॅरेजमध्ये वायरिंग तपासायलाच दिली. त्या पोराने मन लावून काम केलं, खोटं बोलणार नाही. सीट काढली, टाकी काढली, सगळे कपलर (वायरी जोडणारे प्लग) सोडून स्प्रे मारून परत लावले, हँडलजवळचा वायरिंगचा गुच्छा दोन्ही बाजूंना वळवून बघितला, जिथं टेप सुटली होती तिथं नवी गुंडाळली. फ्यूज उडाला नाही. चाचणीला शहरभर फिरवून आणली. नाही उडाला. "भाऊ, काही नाही गाडीत," असं म्हणून त्याने मजुरीसुद्धा कमी घेतली. आणि दहाव्या दिवशी युरियाची गोणी घेऊन शेताकडे वळलो, कालव्याच्या चढावर ब्रेक दाबला, गेला.

त्या दिवशी जवळ फ्यूज नव्हता. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने वायरीतली तांब्याची एक तार काढून फ्यूजच्या दोन पायांना गुंडाळून दिली आणि गाडी चालू करून दिली. अडचणीत मदत केली, त्याला बोलायचं नाही. पण घरी पोचताच पहिलं काम केलं ते ती तार काढायचं. फ्यूज उडतो म्हणजे तो वायरिंग वाचवतो. तार उडत नाही, मग वायरिंगच तापतं, इन्सुलेशन वितळतं, शेजारच्या वायरी एकमेकींना चिकटतात, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीखाली. १५ च्या जागी २० चा पिवळा फ्यूज घालणं हा याच चुकीचा सभ्य प्रकार. निळ्या जागी निळाच घाला, आणि दोन-चार जादा खिशात ठेवा.

त्या रात्री मी वही काढली. आधीच्या वेळा आठवून लिहिल्या, पुढच्या घडतील तशा लिहीत गेलो. तारीख, वेळ, जागा, गाडीवर कोण, ऊन की पाऊस, नक्की काय करत होतो. सात नोंदी झाल्या. अखाजी, पारोळं, ही मागे, ब्रेकर. मंगळवार, मंगळग्रह मंदिराकडे जाताना, मावशी मागे, गर्दीत ब्रेक. धुळ्याच्या रस्त्यावर, मित्र मागे, टोलसारखे ओळीने आलेले बारीक ब्रेकर. शेत, ४५ किलोची युरियाची गोणी, चढावर ब्रेक. कानबाईच्या रोटांसाठी (आमच्याकडचा श्रावणातला सण) पारोळ्याला जाताना, ही मागे, पाऊस चालू, ब्रेकर. असंच पुढे. उन्हाचा रकाना निकामी ठरला. दोन नोंदी भर पावसातल्या, एक रात्री आठची. "एकटा" असा शब्द एकाही नोंदीत नव्हता.

मित्रांना चेष्टेला विषय मिळाला: वहिनी बसल्या की गाडी रुसते. तिला ते मुळीच आवडलं नाही, आणि गोणीच्या नोंदीने तिची बाजू सिद्धही झाली, कारण युरियाची गोणी कुणाची वहिनी नसते. तिनेच मग एक गोष्ट सांगितली, जी मी आणखी महिनाभर कानाआड केली. "अहो, तुम्ही ब्रेकरवर ब्रेक दाबता ना, तेव्हा सीटखालून टक् असं वाजतं. पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखं. आधी नव्हतं वाजत." मी म्हटलं शॉकअपचा बुश असेल. जुन्या गाडीत काय वाजत नाही? मुलाने वहीतल्या "ब्रेकर" या शब्दाखाली स्केचपेनने रेघा मारून ठेवल्या होत्या, तरी माझं डोकं चाललं नाही.

उलगडा झाला तो मोटार वाइंडिंगच्या दुकानात. शेतातल्या विहिरीची मोटर जळाली म्हणून ती घेऊन जिभाऊंकडे गेलो होतो. जिभाऊ सत्तरीचे, मोटरसायकल कधी चालवलेली नाही, सायकलवर फिरतात; पण तालुक्यातल्या निम्म्या पाणबुडी मोटारी त्यांच्या हातून गेलेल्या आहेत. त्यांच्या भिंतीवर कायम एक दिवा लावलेला असतो, होल्डरमधला मोठा पिवळा बल्ब. वाइंड केलेली मोटर सरळ लाइनवर न लावता आधी त्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतात. मोटर ठीक असेल तर बल्ब मिणमिणतो, आत शॉर्ट असेल तर भक्क पेटतो. काही जळत नाही. त्यांनी माझी कहाणी ऐकली आणि भिंतीकडे बोट केलं. "फ्यूज कितला जाळशी? त्याना जागावर दिवा लाव."

बारा व्होल्टवर हीच युक्ती करायची तर सामान घरातच असतं. उडालेला एक फ्यूज घेतला, त्याचं वरचं प्लास्टिक फोडलं, दोन्ही पायांना दोन वायरी सोल्डर केल्या आणि त्या वायरी जुन्या हेडलाइट बल्बच्या एका फिलामेंटला जोडल्या. हा ३५ वॅटचा बल्ब आता फ्यूजच्या खाचेत बसतो. पूर्ण शॉर्ट झाला तरी त्यातून तीन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे वायर जळत नाही आणि शॉर्ट हवा तितका वेळ टिकवून बघता येतो. फ्यूज उडाला की पुरावा क्षणात नाहीसा होतो. दिवा तो पुरावा धरून ठेवतो.

चाचणी जिभाऊंच्या दुकानातच केली. इंजिन बंद, फक्त चावी चालू. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला, माझा बल्ब काळाच. बरोबर, कारण न्यूट्रलचा इवलासा दिवा जेमतेम पाव अँपिअर ओढतो, तेवढ्याने ३५ वॅटचा बल्ब तापत नाही. ब्रेक दाबला तर मागचा ब्रेक लाइट जरा मंद लागला आणि माझा बल्ब निखाऱ्यासारखा लालसर. तेही बरोबर, दोघे मिळून बारा व्होल्ट वाटून घेत होते. हा लालसरपणा पुढे गोंधळ घालेल म्हणून ब्रेक लाइटचा बल्बच काढून ठेवला. आता ब्रेक दाबून काहीच व्हायला नको. माझा बल्ब पेटला तर तो फक्त शॉर्टनेच पेटेल.

सवयीप्रमाणे मी सीटच्या लॉकला चावी लावली. जिभाऊंनी हात धरला.

"सीट कसाले काढस? ऱ्हाऊ दे ना तठेच."

म्हटलं, वायरिंग सीटखाली आहे, दिसणार कसं? ते म्हणाले, तुझी गाडी रस्त्यात बंद पडते तेव्हा सीट लावलेली असते की काढलेली?

मी गप्प. चार महिन्यांत जेवढ्या वेळा गाडी तपासली गेली, तेवढ्या वेळा पहिलं काम सीट काढणं. दोन्ही गॅरेजवाले, मी, सगळ्यांनी तेच केलं होतं, आणि सीट काढली की बिघाड सीटबरोबर बाजूला जाऊन भिंतीला टेकून उभा राहत होता.

"आते बस मांगे."

मी मागच्या सीटवर बसलो. जिभाऊंनी वाकून मागच्या ब्रेकचं पेडल हाताने दाबून धरलं. बल्ब काळा. मी जरा उसळलो. काळाच. दोन्ही हातांनी ग्रॅब रेल धरून, ब्रेकरवर आपटतो तसं अंग टाकलं. बल्ब भक्क पेटला, मीटरवरचा हिरवा दिवा त्याच क्षणी विझला, आणि खालून आवाज आला: टक्. पुन्हा उसळलो, पुन्हा भक्क, पुन्हा टक्. दुकानातली पोरं हसायला लागली, कारण एक चाळिशीचा माणूस उभ्या गाडीवर उड्या मारत होता आणि सत्तरीचा म्हातारा खाली बसून पेडल दाबत होता. मला मात्र हिचं "पत्र्यावर पत्रा" आठवत होतं.

पेडल सोडलं तर कितीही उसळलं तरी बल्ब पेटत नव्हता. म्हणजे दुखणं ब्रेक लाइटच्या वायरीत. त्या वायरीत वीज येते ती फक्त ब्रेक दाबल्यावर, एरवी ती कुठेही टेकली तरी फरक पडत नाही. आता ती नक्की कुठे टेकते हे शोधायचं, तर वायर मधे मधे तोडत जायचं. टेल लाइटजवळचा कपलर सोडला, पुन्हा बसलो: भक्क. म्हणजे दोष कपलरच्या मागे नाही, पुढे आहे. पेडलजवळच्या स्विचची वायर जोडापासूनच काढली आणि हँडलवरचा पुढचा ब्रेक दाबला: भक्क. म्हणजे मागच्या स्विचच्या वायरीतही नाही. दोन्ही ब्रेकच्या वायरी जिथं एक होतात तिथपासून टेलच्या कपलरपर्यंत, एवढाच तुकडा उरला. सगळा मिळून हातभर, आणि तो पूर्ण सीटखाली.

आता सीट काढायला जिभाऊंची हरकत नव्हती. पण वर टेप गुंडाळलेला काळा गुच्छा, त्यात हातभर लांबीत नेमकी जागा कोणती? त्यांनी कमरेची चंची काढली, तंबाखूसाठीचा चुना बोटावर घेतला आणि उलट्या ठेवलेल्या सीटच्या पत्र्यावर जिथं जिथं कड, दुमड किंवा बोल्ट होता तिथं ठिपके लावले. सीट पुन्हा बसवली, मी एकदा अंग टाकलं, सीट काढली. काळ्या टेपवर एकच पांढरा ठिपका उमटला होता, मागून साधारण चार बोटं.

"दख. सापडना चोर."

तिथली टेप सोलली. खाली एका वायरीच्या इन्सुलेशनला नखाएवढी चीर, त्यातून तांब्याच्या दोन-तीन तारा बाहेर, काळ्या पडलेल्या. सीटच्या पत्र्यावर त्याच जागी रंग उडून मसूरडाळीएवढा चकचकीत डाग, त्यात ठिणगीने पडलेले टोचे. मीटर लावून पाहिलं: सीटचा पत्रा ते चेसी, सरळ कंटिन्युइटी. सीटच्या पुढच्या हुकातून आणि मागच्या लॉकमधून पत्र्याला अर्थिंग मिळत होतं, म्हणजे तो चेसीशी जोडलेला होता. नवीन गाड्यांत सीटचा तळ बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, त्यांना हा रोग होणार नाही. माझ्या गाडीत लोखंडी आहे.

पण पत्रा वायरीपर्यंत पोचलाच कसा? सीटच्या तळाला चेसीवर टेकण्यासाठी चार जाड रबरं असतात, काळी, बाटलीच्या बुचासारखी. पत्रा त्यांच्यावर तरंगतो. माझ्या सीटला पुढची दोन होती, मागची दोन नव्हती. त्यांच्या जागी नुसती भोकं. एकटा बसलो की वजन पुढच्या रबरांवर, पत्र्याचं मागचं टोक अधांतरी, काही होत नाही. मागे माणूस बसला की टोक खाली झुकतं, तरीही वायरीपासून केसभर वर राहतं. ब्रेकर आला की तो केसही संपतो. आणि ब्रेकरवर माणूस ब्रेक दाबतोच. वजन, धक्का आणि ब्रेक, तिन्ही एका क्षणी जुळले तर फ्यूज जातो. पुढच्या क्षणी पत्रा वर उचलला जातो, शॉर्ट नाहीसा होतो आणि नवा फ्यूज शांतपणे बसतो. वहीत सात नोंदी होत्या त्या या तिन्हींच्या योगाच्या.

रबरं गेली कधी? आदल्या वर्षी बॅटरी बदलली तेव्हा सीट काढली होती. बॅटरी कुणी बदलली? मी. अंगणात, रविवारी, मजुरी वाचवायला. रबरं भोकात नुसती दाबून बसवलेली असतात, जुनी होऊन ढिली पडली की सीट आपटून ठेवताना निघून जातात. मी सीट उचलून परत लावली आणि खाली बघितलं नाही.

दुरुस्तीत काही विशेष नव्हतं, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग काम. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना चेसीला लागला तर तो पानाच वेल्डिंग रॉड होतो. जोडताना उलट क्रम, निगेटिव्ह शेवटी. चिरलेला भाग नुसता टेपने झाकला नाही. तेवढा तुकडा कापून टाकला, कारण काळ्या पडलेल्या तारा हळूहळू तुटत जातात आणि मग शॉर्टऐवजी अधूनमधून न लागणारा ब्रेक लाइट नशिबी येतो, जो जास्त धोक्याचा. त्याच जाडीची नवी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक स्लीव्ह, त्यावर कापडी टेप. नेहमीची चकचकीत पीव्हीसी टेप आमच्याकडच्या उन्हाळ्यात दोन मे महिने काढत नाही. गोंद पाघळून बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि टेप सालीसारखी सुटते. दुसऱ्या गॅरेजमध्ये जूनमध्ये गुंडाळलेली टेप ऑगस्टमध्येच कडेने उचलली होती. शेवटी गुच्छा चेसीच्या कडेला सरकवून दोन ठिकाणी टायने बांधला, म्हणजे उद्या रबरं पुन्हा हरवली तरी पत्र्याच्या वाटेत वायर नाही. रबरं स्पेअरच्या दुकानात चहाच्या पैशात मिळाली.

एक सुधारणा माझ्या डोक्याने केली. ब्रेक लाइटच्या लाइनवर स्विचच्या आधी ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज होल्डर टाकला. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे ५ पुरतो. पुन्हा कधी ही वायर कुठे टेकलीच तर ब्रेक लाइट जाईल, पण चालत्या रहदारीत इंजिन बंद पडणार नाही. एकाच फ्यूजवर अख्खी गाडी टांगलेली असते त्या सगळ्या जुन्या गाड्यांना हे करायला हरकत नाही. मात्र आठवड्यातून एकदा मागे हात धरून ब्रेक लाइट लागतो का ते बघायचं, कारण तो फ्यूज गेला तर आता कळणार नाही.

काम झाल्यावर तपासणी त्याच पद्धतीने केली. फ्यूजच्या जागी बल्ब, सीट लावलेली, मागे मी आणि दुकानातला एक दणकट पोरगा असे दोघं, पेडल दाबलेलं. पाच मिनिटं उड्या मारल्या. बल्ब काळा.

तुमचं लक्षण थोडं वेगळं असेल तर शोधही वेगळीकडे वळतो. हँडल वळवताना फ्यूज जात असेल तर चेसीच्या मानेजवळ, कोनसेटपाशी, जिथं गुच्छा वाकतो तिथं बघा. बल्ब लावून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, कुठे पेटतो तिथं थांबा. इंडिकेटर दिल्यावर जात असेल तर इंडिकेटरच्या नळीतून वायर बाहेर येते ती कड आधी तपासा. चावी फिरवताच जात असेल तर ते सगळ्यात सोपं: बल्ब भक्क पेटलेला ठेवून एकेक कपलर सोडत जा, ज्याने विझेल त्याच्या पुढे चोर.

फ्यूज शाबूत आहे आणि तरी सगळं एकदम मरतं, मग थोड्या वेळाने आपोआप जिवंत होतं, असं असेल तर हा बल्ब उपयोगाचा नाही. तिथं शॉर्ट नसतो, जोड सुटलेला असतो. फ्यूज होल्डरचे सैल झालेले पाय, चावीखालचा जळका कपलर, बॅटरीचं टर्मिनल. मीटर ओमवर ठेवून हे सापडत नाही, कारण एका धाग्याने टेकलेली वायरसुद्धा मीटरला ठीक दिसते. हेडलाइट लावून लोड द्या आणि मीटर व्होल्टवर ठेवून जोडाच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही टोकं लावा. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य दिसतं. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर तोच जोड तापतोय.

जुन्या शंभर सीसीच्या, एसी सीडीआयवाल्या (ठिणगीसाठी बॅटरी न लागणाऱ्या) गाड्यांना हे सगळं लागू होत नाही. त्यांचं इंजिन बॅटरीशिवाय चालतं आणि बंद करायला उलट वायर अर्थला लावावी लागते, त्यामुळे तिथं ती वायर चेसीला टेकली तर फ्यूज न उडता गाडी गुपचूप बंद पडते. आणि २०२० नंतरच्या बीएस सहा, फ्यूल इंजेक्शनच्या गाड्यांवर बल्ब घेऊन वाटेल त्या वायरीत घुसू नका. ब्रेक, इंडिकेटर, हॉर्नच्या लाइनवर ठीक. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींना मीटरशिवाय काही लावायचं नाही, आणि तेही डायग्राम हातात असेल तर.

पोळ्याच्या आधी गाडी नीट झाली. त्यानंतर पारोळ्याला कितीदा तरी जाऊन आलो, गोण्या वाहिल्या, वहीत आठवी नोंद झाली नाही. ही अजून ब्रेकर आला की कान देते.

मागच्या दोन रबरांपैकी एक दिवाळीच्या साफसफाईत सापडलं. मुलाने खेळण्यातल्या ट्रॅक्टरला चाक म्हणून लावलं होतं, मधे भोक पाडून, खिळा घालून. छान फिरत होतं. राहू दिलं.